कुत्र्याची जात आणि कागदाची साक्ष

बंगळूर शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाची वसाहत आहे. डेव्हिड एमॅन्युएल स्टारकेनबर्ग व्हाइट ह्यांच्या खटपटीने १८८२ साली ती वसली. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार ह्यांनी अँग्लो-इंडियन कुटुंबांना शेतीसाठी जमीन दिली आणि व्हाइट ह्यांचेच नाव पुढे गावाला मिळाले. शंभरएक वर्षे हे गाव कौलारू बंगले, फळझाडे आणि मोकळी आवारे ह्यांत शांत पहुडलेले होते. १९९० नंतरच्या दशकात भारत व सिंगापूर ह्यांच्या सहकार्याने तेथे तंत्रज्ञान-उद्यान उभे राहिले आणि गावाचे रूप पालटले. जेथे आवारे होती तेथे उंच इमारती झाल्या. देशाच्या सर्व भागांतून नोकरीसाठी आलेली कुटुंबे त्या इमारतींतील सदनिकांतून राहू लागली. त्यांत पुण्या-नागपुराकडची मराठी मंडळीही आहेत.

आजी-आजोबा दूर, आईबाप दिवसभर कामात आणि मूल घरात एकटे, अशा संसारात एखादे कुत्रे असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आवारातले कुत्रे आणि नवव्या मजल्यावरचे कुत्रे ह्यांत फरक आहे. केस सर्वत्र उडू नयेत, कोणाला शिंका येऊ नयेत, आकार बेताचा असावा, स्वभाव गरीब असावा आणि शेजाऱ्यांची तक्रार येऊ नये, इतक्या अटी पुऱ्या करणारे कुत्रे शहरातील माणसाला हवे असते. ह्या गरजेला बाजाराने एक उत्तर शोधून काढले आहे. लॅब्राडूडल, कॉकापू, कॅव्हापू, माल्टिपू अशी त्या उत्तरांची नावे आहेत. लॅब्राडॉर आणि पूडल, कॉकर स्पॅनियल आणि पूडल, अशा दोन जातींचा हेतुपुरस्सर संकर करून ही पिल्ले निपजवितात आणि शुद्ध जातीच्या पिल्लांइतक्या, पुष्कळदा त्याहूनही अधिक किमतीला विकतात. पिल्लाबरोबर बहुधा एक कागदही मिळतो आणि ‘पिल्लू नोंदणीकृत आहे’ असे सांगण्यात येते. नोंद कसली, कोणाच्या वहीत आणि कशाच्या आधारावर, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. वस्तुतः घेणाऱ्याच्या हिताचा प्रश्न तोच आहे आणि त्या पिल्लाच्या आईच्याही हिताचा तोच आहे.

ह्या नव्या प्रथेचा उगम एका सद्हेतूत आहे. अंधांना वाट दाखविणारे कुत्रे तयार करणारी एक संस्था ऑस्ट्रेलियात आहे. १९८० नंतरच्या दशकात वॉली कॉनरन हे गृहस्थ तेथे पैदाशीचे काम पाहत असत. हवाई बेटांवरील एका अंध स्त्रीने संस्थेकडे कुत्र्याची मागणी केली. परंतु तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. पूडल जातीचे केस फारसे झडत नाहीत, म्हणून कॉनरन ह्यांनी प्रथम पूडलांवर प्रयोग केले; पण ह्या कामास योग्य असा पूडल त्यांना मिळेना. शेवटी त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडल ह्यांची जोड लावली. तीन पिल्ले झाली. त्यांचे केस व लाळ ह्यांचे नमुने हवाईला पाठविण्यात आले, तेव्हा तिघांपैकी एकाच पिल्लाचा त्या पतीला त्रास होत नाही असे आढळले.

ह्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. उरलेली पिल्ले पाळून मोठी करण्यास कुटुंबे हवी होती. परंतु प्रतीक्षा-यादीवरील कोणालाही संकरित पिल्लू नको होते. तेव्हा कॉनरन ह्यांनी त्याला ‘लॅब्राडूडल’ असे नाव दिले आणि ती बातमी वृत्तपत्रांकडे पोचविली. पाहता पाहता मागणीचा पूर आला. पिल्ले तीच होती. बदलले होते ते केवळ नाव. पुढे जगभर ज्याने त्याने वाटेल त्या कुत्र्याची पूडलशी जोड लावण्यास आरंभ केला. आईबापांची प्रकृती तपासण्याची तसदी पुष्कळांनी घेतली नाही, आणि आपल्या हातून झालेल्या ह्या आरंभाबद्दल कॉनरन ह्यांनी उतारवयात, २०१९ साली, जाहीरपणे खेद व्यक्त केला.

ह्यावर असे विचारता येईल की, संकर ही गोष्ट मुळातच वाईट आहे काय? तसे मुळीच नाही. आज शुद्ध म्हणून मिरविणाऱ्या बहुतेक सर्व जाती एके काळी संकरातूनच जन्मल्या. गोल्डन रिट्रीव्हरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडमध्ये १८६८ साली लॉर्ड ट्वीडमाउथ ह्यांनी एक पिवळा रिट्रीव्हर व एक ट्वीड वॉटर स्पॅनियल ह्यांचा संकर केला आणि त्या वंशातून ही जात घडली. परंतु त्यांनी प्रत्येक जोडीची व प्रत्येक वेताची नोंद वर्षानुवर्षे ठेविली, पसंतीची पिल्ले पुढील पैदाशीसाठी राखली, आणि एका ठरावीक दिशेने अनेक पिढ्या निवड केली. इंग्लंडच्या केनेल क्लबने ह्या कुत्र्यांची स्वतंत्र नोंद सुरू करीपर्यंत चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. तात्पर्य, संकराने जातीचा आरंभ होतो. जात घडते ती निवडीने, काळाने आणि लिहून ठेवलेल्या स्मृतीने.

हा भेद महाराष्ट्रातील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले, तेव्हापासून त्याला ठाऊक आहे की संकरित बियाण्याचे पहिले पीक एकसारखे आणि जोमदार येते. पण त्याच पिकातील दाणे पुढील वर्षी पेरले, तर काही ताटे उंच, काही खुजी, कणसे लहानमोठी अशी विखुरणी होते. म्हणून बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. कुत्र्यांतही आनुवंशिकतेचा हाच नियम चालतो. दोन शुद्ध जातींच्या पहिल्या संकरातील पिल्ले बऱ्याच अंशी मधल्या रूपाची निघतात. त्या पिल्लांची पुढे आपसांत जोड लावली, की आजी-आजोबांचे गुण पुन्हा वेगवेगळे होऊन निरनिराळ्या पिल्लांत उतरतात.

केसांचेच पाहा. कुत्र्यांच्या अंगावरील केसांत दिसणारे बहुतेक वैचित्र्य मुख्यतः तीन जनुकांमुळे उत्पन्न होते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. एक जनुक केसांची लांबी ठरविते, दुसरे कुरळेपणा, आणि तिसरे मिशा व भुवया ह्या ठिकाणी येणारे दाट झुबके. पूडलकडून येणारे झुबक्यांचे जनुक प्रभावी असते, म्हणून पहिल्या संकरातील पिल्लांना ते झुबके येतात. परंतु अशा दोन संकरित कुत्र्यांची जोड लावली, तर सरासरी चारांतील एका पिल्लाला ते जनुक मुळीच मिळत नाही आणि ते लॅब्राडॉरसारखेच आखूड मिशांचे निघते. नाव मात्र तिन्ही भावंडांप्रमाणे त्याचेही लॅब्राडूडल असते.

ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्या ॲलर्जीची गोष्टही अशीच आहे. ॲलर्जी मुख्यतः केसांमुळे होत नाही. ती कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असलेल्या प्रथिनांमुळे होते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ साली निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांचे केस आणि त्यांच्या घरांतील हवा तपासली. ज्यांना ॲलर्जीमुक्त म्हटले जाते त्या पूडल, लॅब्राडूडल इत्यादींच्या केसांत त्या प्रथिनाचे प्रमाण कमी तर नव्हतेच, उलट अधिक आढळले; घरांतील हवेत तर उल्लेखनीय असा फरकच दिसला नाही. शिवाय जे केस झडत नाहीत ते अंगावरच गुंततात. नित्य विंचरले नाहीत, तर त्यांच्या घट्ट गाठी बनतात, कातडी ओढली जाते आणि पावसाळ्यात त्याखाली ओल राहते. झाडू मारण्याचे श्रम वाचतात. पण त्यांची जागा फणी आणि कात्री घेतात.

संकराने आरोग्य सुधारते, हा दावाही पारखून घेतला पाहिजे. एकाच जातीत पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यांत जोड लावल्याने दोष साठतात आणि बाहेरचे रक्त मिसळल्याने ते काही अंशी झाकले जातात, हे खरे आहे. परंतु दोष झाकण्यासाठी तो दुसऱ्या बाजूस नसावा लागतो. लॅब्राडॉर व पूडल ह्या दोन्ही जातींत डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा एकच आनुवंशिक रोग आढळतो. आई व बाप दोघेही वरून निरोगी, पण त्या दोषाचे वाहक असले, तर पिल्ले संकरित असूनही सरासरी चारांतील एक पुढे आंधळे होण्याचा संभव राहतो. कंबरेच्या सांध्याचा दोषही दोन्हीकडे आहे. इंग्लंडच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने २०२४ साली ९,४०२ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा करून कॅव्हापू, कॉकापू व लॅब्राडूडल ह्यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. सत्तावन्न सर्वसाधारण व्याधी पाहिल्या असता सुमारे ८७ टक्के तुलनांत काहीच फरक दिसला नाही. म्हणजे संकरित कुत्री अधिक रोगी नाहीत. पण केवळ संकरामुळे अधिक निरोगीही नाहीत. आईबापांची तपासणी झाली होती की नाही, ह्यावरच सारे अवलंबून राहते.

आता नोंदणीच्या प्रश्नाकडे वळणे सोपे जाईल. ‘नोंदणीकृत’ ह्या एका शब्दाखाली भारतात निदान तीन निरनिराळ्या वह्या येतात, आणि त्यांची गल्लत झाल्यानेच गिऱ्हाइकाची फसगत होते.

पहिली वही वंशावळीची. मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नईत मुख्य कार्यालय असलेला केनेल क्लब ऑफ इंडिया ही वही ठेवितो. आई आणि बाप दोघेही एकाच मान्य जातीचे व ह्याच वहीतले असले, म्हणजे त्यांच्या वेतातील पिल्लांची नोंद होते आणि मागील तीन पिढ्यांची नावे असलेले प्रमाणपत्र मिळते. दोन भिन्न जातींच्या संकराला ह्या वहीत जात म्हणून स्थान नाही. लॅब्राडॉर आईची नोंद खरी असेल, पूडल बापाचीही खरी असेल. तरी त्यांच्या पिल्लाला तेथे वंशावळ मिळत नाही. परदेशांत केवळ संकरित कुत्र्यांची नोंद करणाऱ्या खासगी संस्था निघाल्या आहेत. त्यांचा कागद बहुतांशी पैदास करणाऱ्याच्या सांगण्यावरून तयार होतो. असा कागद खोटाच असतो असे नाही. परंतु लिहून देणारा जितका प्रामाणिक, तितकीच त्याची किंमत.

दुसरी वही पैदास करणाऱ्यांची. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री ह्यांसंबंधी नियम केले. त्यांनुसार हा धंदा करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री दीड वर्षाची होण्यापूर्वी तिच्यापासून पैदास करू नये, वर्षातून एकाहून अधिक वेत घेऊ नये, जन्मभरात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवावी आणि सर्व गोष्टींचे दप्तर ठेवावे, असे त्यांत सांगितले आहे. हे नियम शुद्ध आणि संकरित असा भेद करीत नाहीत. कुत्रीच्या कुशीला तो भेद नसतो, हे त्यांत मान्य केले आहे. तथापि ही नोंद माणसाच्या धंद्याची आहे. पिल्लाच्या जातीबद्दल ती एक अक्षरही सांगत नाही.

तिसरी वही खुद्द जातींची. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो देशातील गाईगुरे, शेळ्यामेंढ्या इत्यादींच्या जातींना मान्यता देतो. एखाद्या प्रदेशात त्या प्राण्यांची पुरेशी संख्या आहे, त्यांचे गुण इतरांहून निराळे आहेत आणि ते गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात, हे तेथे दाखवून द्यावे लागते. ह्या वहीत कुत्र्यांचा प्रवेश २०२० साली झाला. तामिळनाडूतील राजापलयम व चिप्पिपराई आणि कर्नाटकातील मुधोळ हाउंड ह्या तीन जातींना तेव्हा मान्यता मिळाली.

मुधोळचे नाव मराठी श्रोत्यांना परके नाही. घोरपडे घराण्याचे हे संस्थान. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. लांब मुस्कटाचा, सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा हा शिकारी कुत्रा दक्षिणेच्या पठारावर, महाराष्ट्राच्या सोलापूर-लातूर बाजूसही, फार पूर्वीपासून आहे. कारवान ह्या नावानेही तो ओळखला जातो आणि केनेल क्लबच्या वहीत त्याचे तेच नाव आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात त्याची जोपासना केली व पंचम जॉर्ज बादशहांना ह्या जातीचे कुत्रे भेट दिले. संस्थान गेल्यावर राजाश्रयही गेला. पुढे अनिर्बंध मिसळीने ही जात क्षीण होत चालली, तेव्हा मुधोळजवळील तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने संशोधन केंद्र काढले. २००५ साली टपाल खात्याने ह्या कुत्र्याचे तिकीट प्रसिद्ध केले आणि २०१६ साली भारतीय सेनेने ह्या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली.

एकाच कर्नाटकात ही दोन दृश्ये दिसतात. मुधोळच्या परिसरातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या कुत्र्याला सरकारी मान्यतेसाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. आणि व्हाइटफील्डच्या सदनिकेत येणाऱ्या कालच्या संकराला जन्मतःच एक झोकदार नाव आणि एक कागद प्राप्त होतो. पहिल्याजवळ वंश होता, पण लेखी पुरावा नव्हता. दुसऱ्याजवळ कागद आहे, पण मागे वंश नाही.

नोंद नसल्याचा त्रास केवळ खरेदी-विक्रीपुरता राहत नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या एका परिपत्रकाने तेवीस जातींची कुत्री आणि त्यांचे संकरही माणसास धोकादायक ठरवून त्यांची विक्री व पैदास थांबविण्यास राज्यांना सांगितले. ह्या विषयाशी संबंध असलेल्यांचे म्हणणे ऐकून घेतले नाही, ह्या कारणास्तव कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १० एप्रिलला ते परिपत्रक रद्द केले. ह्या निमित्ताने एक व्यावहारिक अडचण मात्र स्पष्ट झाली. ज्याच्या आईबापांची कोठेच नोंद नाही, असा कुत्रा कोणाचा संकर आहे हे ठरवायचे कसे? केवळ रूपावरून ठरविले, तर निरुपद्रवी कुत्र्यावर आळ येईल आणि खरोखर जपून सांभाळावयाचा कुत्रा सुटून जाईल.

तेव्हा संकरित कुत्र्यांची नोंद नको असे नव्हे. ती अधिक काटेकोर हवी. ह्या बाबतीत गाईंचे उदाहरण घेण्यासारखे आहे. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ साली स्थापिलेल्या भारतीय कृषी-उद्योग प्रतिष्ठानाने गावोगावी संकरित गाई पोचविल्या. वळू कोणता, रेतन केव्हा झाले, कालवड कशी निघाली, ह्याचा हिशेब ठेवल्यामुळेच त्या संकराला अर्थ आला. शेतकऱ्याने गाईचे नाव विकत घेतले नाही, दूध मोजून घेतले. कुत्र्याच्या बाबतीत दुधाची जागा आरोग्य आणि स्वभाव ह्यांनी घ्यावयाची आहे.

म्हणून संकरित पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने जातीचे प्रमाणपत्र मागण्याऐवजी चार गोष्टी पाहाव्यात. पैदास करणाऱ्याजवळ राज्य मंडळाचा नोंदणी-दाखला आहे काय? पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावयास मिळते काय, तिचे वय किती आणि हे तिचे कितवे वेत? आई व बाप ह्या दोघांचीही कंबर, डोळे आणि आनुवंशिक दोष ह्यांची तपासणी झाल्याचे पशुवैद्याचे कागद आहेत काय? आणि पिल्लाच्या कातडीखालील मायक्रोचिपचा क्रमांक त्या कागदांवरील क्रमांकाशी जुळतो काय? आईबापांविषयी शंका असल्यास रक्ताच्या अथवा गालातील लाळेच्या नमुन्यावरून ती आज दूर करता येते. जो विक्रेता आई दाखविण्याचे टाळतो आणि पिल्लू रस्त्यावर किंवा मोटारीत आणून देतो, त्याच्या कागदावर कितीही सोनेरी शिक्के असले, तरी त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. ॲलर्जी असलेल्या माणसाने तर त्याच कुत्र्याबरोबर काही वेळ काढून मगच निर्णय घ्यावा. कॉनरन ह्यांच्या तीन पिल्लांपैकी एकच उपयोगी पडले होते, हे विसरू नये.

अपेक्षेप्रमाणे न निघालेल्या पिल्लांचे काय होते, हाही विचार त्यात आलाच. केस झडू लागले, आकार वाढला, शिंका थांबल्या नाहीत, की असे कुत्रे पुष्कळदा रस्त्यावर येते. आणि पाच वेतांची मर्यादा ओलांडून थकलेली कुत्रीही तेथेच येते. अशा टाकून दिलेल्या कुत्र्यांना नवे घर मिळवून देण्याचे काम बंगळूरात क्यूपा ही संस्था करते; १९९१ साली क्रिस्टल रॉजर्स ह्यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. मोठ्या वयाचे कुत्रे तेथून घेणाऱ्याला एक सोय असते. त्याचा आकार, केस आणि स्वभाव समोर दिसत असतात. त्यांविषयी कोणाच्या आश्वासनावर विसंबावे लागत नाही.

वंशावळीची वही मुळात निघाली ती पुढच्या पिढीला मागच्या पिढीचे गुणदोष कळावेत म्हणून. तो हेतू सुटला, की वहीतले नाव केवळ किंमत वाढविण्याच्या उपयोगाचे राहते. पिल्लू शुद्ध असो वा संकरित, त्याच्या आईचे नाव, तिची प्रकृती आणि तिच्या वेतांची संख्या ज्या कागदावर खरी लिहिलेली आहे, तोच कागद जपून ठेवण्याच्या योग्यतेचा.